राखीव कप्पा

रक्तपेढीत एक नियम भिंतीवर टांगलेला असतो आणि कामाला असलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात ठोकलेला असतो: जुनी पिशवी आधी. जी आधी आली ती आधी गेली पाहिजे. पिशवीचं आयुष्य बेचाळीस दिवसांचं. फ्रिजमध्ये पडून पडून ती वाया गेली, तर ज्याने दंड पुढे केला त्याचा तो अपमान. ताई हा नियम नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कान पिळून शिकवायची. आणि हीच ताई एका पिशवीसाठी तो नियम एकोणीस वर्षं न चुकता मोडत आली होती.

ती पिशवी तिच्या भावाची.

ताई पेढीतली सगळ्यांत जुनी तंत्रज्ञ. साहेबांपासून झाडूवालीपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. थोरला भाऊ तेवढा अजून ‘चिमे’ म्हणायचा, तेही चारचौघांत, आणि पन्नाशीला टेकलेली ती बाई मुकाट ‘ओ’ द्यायची. भाऊ सगळ्या पेढीचाच दादा होता. दहा मिनिटांच्या अंतरावर त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दर तीन महिन्यांनी हात खसाखसा धुऊन यायचा, तरी नखांत ग्रीस राहायचंच. मग ती नखं मुठीत लपवून तो खाटेवर आडवा व्हायचा आणि म्हणायचा, “घे चिमे, टोच.”

त्याचा गट ओ निगेटिव्ह. हे रक्त दुर्मिळ, आणि अडीनडीला ते कोणालाही चालतं. रस्त्यावरून उचलून आणलेल्या माणसाचा गट विचारत बसायला वेळ नसतो, तेव्हा हीच पिशवी धावते. त्यासाठी एकोणीस वर्षांपूर्वी फ्रिजचा वरचा कप्पा राखीव ठेवला गेला. आता कोणी म्हणेल, राखीव कप्प्यालाही जुनी-आधीचा नियम आहेच की. आहे. पण ताईचं म्हणणं असं, की दादाची पिशवी खात्रीची. माणूस निर्व्यसनी, तारखेचा पक्का, रक्तात कधी कसला दोष निघाला नाही. अशी पिशवी उगाच कशाला खर्चायची? ती अगदी मागे, कोपऱ्यात ठेवावी, ज्याचं कोणी नाही आणि ज्याला दुसरं काही उरलेलं नाही अशासाठी. बाकीच्यांच्या पिशव्या पुढून निघून जात. दादाची महिनाभर, पाच आठवडे थांबे आणि मग एखाद्या मोडून आलेल्या माणसाला लागे.

“जुनं ते सोनं!” खिडकीवरचा कारकून म्हणायचा. याचं तोंड सकाळी सुरू झालं की संध्याकाळी कुलूप लागेपर्यंत बंद व्हायचं नाही, म्हणून त्याला सगळे रेडिओ म्हणत. “दादा, तुमची पिशवी म्हणजे आमचा शेवटचा मोहरा.”

दादा सुखावायचा. त्याचा प्रश्न एकच असे, “अपघातवाल्यालाच गेली ना गं?”

“हो रे, गेली,” ताई म्हणायची. मग तो मान हलवायचा आणि बिस्किट चहात बुडवायचा.

या प्रश्नामागे पंचवीस वर्षं होती. तेव्हा दादा मालट्रक चालवायचा. एका सकाळी, चांगल्या लख्ख उजेडात, भाजी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला त्याने उडवलं. दवाखान्यात पोचली तेव्हा बाई जिवंत होती. पण रक्त मिळेना. दोन तासांनी गेली. मागे नवरा आणि पाच वर्षांचा मुलगा. कोर्टात ठरलं की ब्रेक निकामी झाला होता. मालकाचा वकील हुशार होता, आणि गाढ झोपलेल्या क्लीनरला जे पढवलं ते तो शपथेवर बोलला. दादा सुटला. ब्रेक ठणठणीत होता. दादाचा डोळा लागला होता. हे दोघांनाच ठाऊक, दादाला आणि चिमीला.

त्यानंतर त्याने स्टिअरिंगला हात लावला नाही. लग्नाचा विषय निघाला की उठून जायचा. आणि पुढच्याच महिन्यात येऊन त्याने पहिली पिशवी दिली. “शंभर,” तो बहिणीला म्हणाला होता. “शंभर पिशव्या दिल्याशिवाय त्या दारात उभं राहायला मला तोंड नाही. शंभर झाल्या की जाणार आणि सांगणार.” असलं गणित कुठल्या शास्त्रात बसतं ते विचारू नका. माणसाला जगायला काहीतरी धरावं लागतं, याने हे धरलं. काय सांगायचं तेही ठरलेलं होतं. एकदा दुपारी ताई दुकानात गेली, तर हा पाठ करून बसलेला, चाकाच्या तारा आवळत, एकदा हळू आवाजात, एकदा जरा मोठ्याने: “माझा डोळा लागला होता. चूक माझी होती. मला माफ करा.”

“कोणाशी बोलतोयस?” तिने विचारलं.

“चाकाशी,” दादा म्हणाला. “ते उलटून बोलत नाही.”

त्याच्या कार्डावर अठ्ठ्याण्णव शिक्के पडले त्या सुमाराला डॉक्टरीणबाई पेढीत आल्या. बारीकशा, चष्मेवाल्या, बोलायला गोड आणि कामाला वाघीण. त्यांचा अभ्यास साठवलेल्या रक्तावर होता. पिशवीत घालायचं एक द्रावण त्यांनी तयार केलं होतं, लाल पेशी जास्त दिवस धड राहाव्यात म्हणून.

“धड म्हणजे? फ्रिजमध्ये असतात की,” रेडिओने नाक खुपसलं.

“कापलेलं सफरचंद फ्रिजमध्ये ठेवलं तरी काळं पडतंच ना?” बाई म्हणाल्या. “हवेतला ऑक्सिजन त्याला खातो. लाल पेशी तर जन्मभर ऑक्सिजनच वाहतात, आणि पोटात लोखंड घेऊन. आत सतत जाळपोळ चाललेली असते. ती विझवायला पेशीकडे स्वतःचा पहारेकरी असतो. पिशवीत तो दमतो. माझं द्रावण म्हणजे त्याच्या मदतीला पाठवलेली कुमक.”

“म्हणजे रक्ताला गंज चढतो म्हणा की!”

“तसंच समजा.”

बारा दाते निवडले होते. प्रत्येकाचं एका खेपेचं रक्त दोन छोट्या पिशव्यांत वाटलं, एकीत द्रावण घातलं, एकीत नाही. पिशव्यांवर नावं नाहीत, नुसते आकडे. आकडे चिकटवले ताईने, त्यामुळे कोणता आकडा कोणाचा हे एकट्या तिला माहीत. दर आठवड्याला थोडं थोडं रक्त काढून यंत्रात गरगर फिरवायचं. पेशी तळाला बसतात, वर पिवळसर पाणी राहतं. पाणी लाल दिसलं की समजायचं, पेशी फुटल्या.

तिसऱ्या आठवड्यात अकरा नंबरची नळी बाहेर आली ती वरपासून खालपर्यंत लाल. द्रावणवाली जरा बरी, पण तीही लालच. डॉक्टरीणबाईंनी नळी उजेडात धरून पाहिली. मग तपासण्या करून दोन दिवसांनी त्यांनी ताईला शेजारी बसवलं.

“या माणसाच्या पेशींना पहारेकरीच नाही हो. तो तयार करणारा घटक जन्मापासून कमी आहे, आईकडून येतं हे. ज्याच्या घरात मुळात कोणी राखणारा नाही, त्याला मी बाहेरून किती कुमक पाठवणार?”

“पण माणूस तर चांगला धडधाकट आहे,” ताईच्या तोंडून निघून गेलं.

“असणारच. अंगात रोज नव्या पेशी तयार होतात, भागून जातं. कधी तापाच्या वगैरे काही गोळ्या चालत नाहीत अशांना. लघवी काळी होते.”

ताईला आठवलं. दादा दहा वर्षांचा असताना तापावर गोळ्या दिल्या होत्या आणि त्याला कोऱ्या चहासारखी लघवी झाली होती. आई काविळीचं पथ्य म्हणून महिनाभर त्याच्या ताटात तेल पडू देत नव्हती, आणि चिमी त्याच्यासमोर मुद्दाम तळलेलं खात होती.

“बाई,” तिने विचारलं, “अशी पिशवी पाच आठवडे ठेवून कोणाला दिली तर?”

“बऱ्याच पेशी दिवसभरात मोडतात. साधा आजारी माणूस निभावून नेतो. पण ज्याचं सगळं रक्त वाहून गेलंय, ज्याची मूत्रपिंडं आधीच टेकीला आलीत, त्याला उपयोग कमी आणि ताप जास्त.” बाईंनी चष्मा काढला. “पण अशी निगेटिव्ह पिशवी पाच आठवडे ठेवतं कोण? तुमच्याकडे तर जुनी आधी, ना?”

ताईने भिंतीवरच्या पाटीकडे पाहिलं.

“त्याने कोणी मेलं असेल का हो?”

“असेल असं मी म्हणू शकत नाही,” डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. “नसेलच असंही म्हणू शकत नाही.”

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर ताईने कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या. पिशवी कधी आली, कधी गेली, कोणाला गेली. दादाची एक एक पिशवी बोटाने शोधत गेली. तेहतीस दिवस. अडतीस. एकेचाळीस. पुढच्या रकान्यात अपघात, अपघात, बाळंतीण, अपघात. माणसं वाचली की गेली, ते या वहीत लिहीत नाहीत. चार वर्षं मागे जाऊन तिने वही मिटली आणि तिथेच टेबलावर डोकं ठेवून ती रडली. ज्या रक्ताला सगळ्यांत कमी दम होता ते तिने सगळ्यांत जास्त थांबवलं होतं, आणि तेही मानाने, प्रेमाने. आंधळ्या मायेसारखा दुसरा वैरी नाही.

अकरा नंबर कोणाचा ते ताईने सांगितल्यावर साहेबांनी मात्र पाच मिनिटांत निकाल लावला. “नाव यादीतून काढा.”

“सर, ताजं दिलं तर काही वावगं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आठ-दहा दिवसांच्या आत वापरलं की झालं.”

“आणि दिवस कोण मोजत बसणार? आमच्याकडे लोक पाटीसुद्धा वाचत नाहीत,” साहेब ताईकडे न बघता म्हणाले. “ताई, तुमचा भाऊ आहे. तुम्हीच सांगा त्यांना, गोड बोलून.”

ताई ‘हो’ म्हणाली. सांगायचं म्हणून दुकानात गेलीसुद्धा. दादा टोपलीत स्क्रू निवडत बसला होता. तिला पाहून त्याने तोंडभर हसून कार्ड काढलं. जुनं झालेलं, घडीवर फाटून चिकटपट्टी लावलेलं. “दोनच राहिले, चिमे. पत्ता काढून ठेवलाय मी. तिथेच राहतात अजून. मुलगा आता तीस वर्षांचा घोडा झाला असेल.”

आता यावर काय बोलणार? सत्य बोलायचं म्हटलं तर ‘तुझी एकही मोजू नकोस’ असंच ना? दोन शिक्क्यांचं तर खोटं, ती मनाशी म्हणाली. त्याचं शंभर होऊ दे, त्याला त्या दारात जाऊन मोकळा होऊ दे, मग बघू. झाकली मूठ झाकलेलीच बरी.

नव्याण्णववी पिशवी तिने तशी काढली. सुई टोचली, पिशवी भरली, शिक्का मारला, दादाला चहा-बिस्किट दिलं. तो वळल्यावर पिशवी पिवळ्या पेटीत टाकली, जिथे टाकाऊ माल जातो. तपासणीच्या छोट्या नळ्याही प्रयोगशाळेत पाठवल्या नाहीत. रक्त फेकायचंच, तर तपासणीच्या संचातली एक जागा उगाच कशाला वाया घालवायची? संच आधीच तोकडे. एवढं पाप करतानाही काटकसर सुटली नाही बाईची.

“या खेपेला जरा गरगरलं गं,” दादा जाताना म्हणाला.

“वय झालं तुझं,” ती म्हणाली, आणि मग आत जाऊन बराच वेळ हात धूत राहिली.

शंभराव्या पिशवीच्या दिवशी बुधवार होता आणि साहेब बाहेरगावी बैठकीला गेले होते. यादीतून नाव काढल्याचं साहेब, डॉक्टरीणबाई आणि ताई या तिघांनाच माहीत, त्यामुळे रेडिओ हौसेने फुगून फिरत होता. त्याने केक आणला, टोप्या आणल्या, दरवाजाला रंगीत कागद लावले. दादा नवा शर्ट घालून आला होता. घड्या मोडलेल्या नव्हत्या, कॉलरचा पुठ्ठासुद्धा आत तसाच. केक कापताना तो रडला, आणि त्याला रडताना पाहून झाडूवालीही रडली.

“आज पिशवी मी माझ्या हाताने ठेवणार,” तो म्हणाला. “राखीव कप्प्यात. एकदाच.”

“अरे, तपासणी व्हायची असते आधी,” ताई घाईने म्हणाली. “खालच्या कप्प्यात ठेव. झाली की मी वर ठेवीन.”

दादाने दोन्ही हातांनी पिशवी खालच्या कप्प्यात ठेवली आणि फ्रिजचं दार हळूच लावलं. पिशवी लगेच उचलून पेटीत टाकायला सगळ्यांदेखत जमेना. टाकाऊ मालाची गाडी शनिवारी येते, तोवर काढू, असं ताईने ठरवलं. नळ्या तिने याही वेळी पाठवल्या नाहीत.

“रविवारी जाऊन येतो,” दादा दारात म्हणाला. “येशील का सोबत? नको, मीच जातो.”

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी अकराला वरच्या मजल्यावरच्या दवाखान्यातून फोन आला. स्कूटरवरून जाणाऱ्या एका बाईला टेम्पोने ठोकरलं होतं. वय अठ्ठावीस. ओ निगेटिव्ह. पहिल्या बाळंतपणातच तिच्या अंगात पॉझिटिव्ह रक्ताशी वैर धरणारं काहीतरी तयार झालेलं, त्यामुळे दुसरं कुठलंही रक्त दिलं तर विषच. राखीव कप्प्यात एकच पिशवी होती. दादाचं नाव गेल्यापासून तो कप्पा असाच भुंडा असे. ती वर गेली आणि दहा मिनिटांत संपली. शेजारच्या शहरातून दोन पिशव्या निघाल्या, पण वाट दोन तासांची.

रेडिओ वही काढून एकेका निगेटिव्ह दात्याला फोन लावत सुटला. ताई फ्रिजसमोर उभी होती. खालच्या कप्प्यात कालची पिशवी होती. भरलेली, ताजी, हव्या त्याच गटाची. तिच्यावर तपासणीची हिरवी चिठ्ठी नव्हती.

काल नळ्या पाठवल्या असत्या तर रात्रीपर्यंत चिठ्ठी लागली असती.

तिने नळ्या उचलल्या आणि प्रयोगशाळेत धावत नेल्या. बैल गेला आणि झोपा केला. यंत्राला अडीच तास लागतात, देव आला तरी सव्वादोन होत नाहीत. झटपट तपासणीच्या पट्ट्या एकदा फसल्यापासून साहेबांनी बंद केल्या होत्या. ती तशीच साहेबांच्या खोलीत शिरली.

“सर, एक पिशवी आहे. कालची. तपासणी चालू आहे, पण तोवर जाऊ दे. शंभर वेळा तपासलेला माणूस आहे तो.”

“कोण माणूस?”

ताईने मान खाली घातली. साहेबांना समजायला वेळ लागला नाही.

“ज्याचं नाव मी काढायला सांगितलं तो? ताई, तुम्ही त्याचं रक्त काढलंत आणि तपासायलाही पाठवलं नाहीत? मग काढलंत कशाला?”

“फेकायला,” ताई म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, की शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. तिथेच बसलेल्या डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या. “कालचीच ना? अहो, मग तिच्यात खोट काय आहे? आज तिच्याइतकी चांगली पिशवी नाही दुसरी!”

“खोट रक्तात नाही, कागदात आहे,” साहेब म्हणाले. “तपासणीशिवाय थेंब बाहेर जाणार नाही. उद्या काही निघालं तर ती बाई त्याने मरेल, आणि आपल्या हाताने.”

ते चुकीचं बोलत नव्हते, हेच तर दुखणं होतं.

बाहेर आली तर खिडकीपाशी दादा उभा. धापा टाकत, हाताला ग्रीस तसंच. रेडिओने वहीत त्याचा नंबर पाहून त्यालाही फोन केला होता, ओळखीत कोणी निगेटिव्ह आहे का म्हणून.

“चिमे, हा काय म्हणतोय, पिशवी नाही? कालची माझी आहे ना तिथे! मी स्वतः ठेवलीय!”

“तपासणी चालू आहे, दादा.”

“अजून? काल दुपारी दिलीय मी. दर खेपेला रात्रीपर्यंत होते, तूच सांगतेस.”

ताईने त्याला हाताला धरून बोळात नेलं, औषधांच्या खोक्यांमागे, आणि सगळं सांगितलं. आता काय लपवायचं राहिलं होतं? नळ्या का पाठवल्या नाहीत ते सांगितलं. नव्याण्णववी कुठे गेली ते सांगितलं. पहारेकरी नसलेल्या पेशींचं सांगितलं. दादा भिंतीला टेकून ऐकत होता. मधे एकदाच बोलला.

“आणि आधीच्या? राखीवमधल्या?”

“त्या मीच थांबवल्या,” ताई म्हणाली. “महिना, सव्वा महिना. मला वाटलं, तुझी सगळ्यांत चांगली म्हणून. दादा, ताजी दिली असती तर कोणाच्याही तोडीची होती रे. माझंच चुकलं.”

दादाने बाही वर केली. “मग आत्ता घे.”

“कालच घेतलंय. आणि आत्ता घेतलं तरी तपासणी पहिल्यापासूनच.”

तो तसाच बाही वर करून खिडकीसमोरच्या बाकावर जाऊन बसला. दंडावर कालच्या सुईची चिकटपट्टी होती.

त्यानंतरचा वेळ सांगण्यासारखा नाही. रेडिओसुद्धा गप्प होता, यावरून काय ते समजा. पावणेएकला वरून फोन आला. ताईने उचलला, ‘बरं’ म्हणाली आणि ठेवला. बाई गेली होती. शेजारच्या शहरातली गाडी तेव्हा फाटकापासून पंधरा मिनिटांवर होती. पुढे पाऊण तासाने प्रयोगशाळेतून कागद आला. सगळं ठीक. कसलाही दोष नाही. ताईने हिरवी चिठ्ठी लिहिली आणि कालच्या पिशवीवर चिकटवली. चिठ्ठी वाकडी बसली.

ती पिशवी हातात घेऊन उभी असतानाच काचेच्या खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ आले. पायांत दोन वेगळ्याच चपला, घाईत चढवलेल्या. त्यांच्या हातात रक्ताच्या मागणीचा कागद होता, न वापरलेला.

“हा परत द्यायचा असतो का?” त्यांनी विचारलं. “मुलगी माझी. आता नको आहे रक्त.”

रेडिओने कागद घेतला. गप्प राहायचं सोडून त्याला काही सुचलं नाही असं झालं असतं तर किती बरं होतं. पण तो बिचारा म्हणाला, “आम्ही खूप खटपट केली हो, बाबा. हे बघा, हे आमचे दादा, दुकान टाकून धावत आले. शंभर वेळा रक्त दिलंय यांनी.”

म्हाताऱ्याने वळून दादाकडे पाहिलं, वर केलेल्या बाहीकडे पाहिलं आणि हात जोडले. “ओळख ना देख, तुम्ही आलात. फार उपकार झाले.”

दादा बाकावरून उठला. पंचवीस वर्षं चाकाला ऐकवलेलं होतं ते तोंडाशी आलं.

“चूक माझी होती,” तो म्हणाला. “मला माफ करा.”

“अहो, तुमची कसली चूक?” म्हातारा म्हणाला. त्याने पुढे होऊन दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि दादा त्या हाताखाली लहान पोरासारखा हुंदके देत राहिला. ज्याची मुलगी वर पांढऱ्या चादरीखाली होती तो माणूस त्याची समजूत घालत होता. “नका, नका असं करू. तुमच्यामुळे थोडंच झालंय.”

काचेच्या आत ताई सगळं ऐकत होती. ते वाक्य तिचं होतं. दार तीन पावलांवर होतं, कडीही नव्हती. बाहेर जायचं, त्या म्हाताऱ्यासमोर उभं राहायचं आणि तेच म्हणायचं, एवढंच करायचं होतं. तिने एक पाऊल टाकलंसुद्धा. मग म्हाताऱ्याने डोळे पुसले, काचेतून तिलाही हात जोडले आणि तो बोळातून निघून गेला.

दादाने बाही खाली केली. खिशातून कार्ड काढून बाकावर ठेवलं आणि तो बाहेर पडला. रविवारचं काही बोलला नाही, बहिणीकडे वळून पाहिलंही नाही.

“ताई,” रेडिओने हळूच विचारलं, “ही दादांची पिशवी वर ठेवू ना? राखीवमध्ये?”

“नको,” ताई म्हणाली. “खाली, रोजच्या पिशव्यांत, सगळ्यांत पुढे ठेव.”